बन्सीलालच्या नावाची मूठ

लग्नात नवरी रडली नाही की रतिलालशेठ प्रशीलला पुढे ढकलायचे.

धुळ्यात रतिलालशेठचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. पाठवणीला नवरी ढसाढसा रडली नाही तर गिऱ्हाईक कॅसेट हातात घेताना तोंड वाकडं करायचं. प्रशील सुरवाडे तेव्हा बावीस वर्षांचा. डिप्लोमा अर्धा टाकून दुकानात लाइट धरायला लागलेला. तो नवरीच्या मागून जायचा, कानाशी वाकायचा आणि दोनच वाक्यं बोलायचा. "ताई, बाबा मागच्या खोलीत छातीला हात लावून बसलेत. तुम्हाला सांगू नका म्हणाले." झालं. मग नवरीच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते भल्या भल्या नट्यांना पैसे मोजून जमलं नसतं.

एकदा कुसुंब्याच्या लग्नात नवरी शालू सावरत मंडपातून थेट मागच्या खोलीत पळाली. बाप तिथं मांडी घालून जिलेबी खात होता. ती परत आली आणि तिनं प्रशीलच्या थोबाडीत ठेवून दिली. तेही कॅसेटमध्ये आलं. रतिलालशेठ आठवडाभर येईल त्याला ते दाखवत होते. "पोऱ्या हरामी शे," म्हणायचे, "पन कामना शे." कामाचा आहे, म्हणजे.

प्रशीलनं गाल चोळला, पण धडा घेतला तो वेगळाच. माणसाला अभिनय सांगायचा नाही. घटना सांगायची, घडली म्हणून सांगायची आणि बाजूला व्हायचं. पुढं पंचवीस वर्षं तो जो काही दिग्दर्शक झाला तो याच एका गोष्टीवर.

त्याचं बालपण दीपनगरचं. भुसावळजवळची ती वीज केंद्राची वसाहत. बाप यादव सुरवाडे सुरुवातीची सहा वर्षं ठेकेदाराकडे बदलीवर होता. ज्याचा खाडा पडेल त्याच्या जागी उभं राहायचं. सकाळी डबा घेऊन निघताना यादव सांगायचा, "आज मी भाईदास आहे." दुसऱ्या दिवशी आणखी कोणी. बायको हसायची. पण पाच वर्षांच्या प्रशीलला ते हसण्यासारखं वाटायचं नाही. संध्याकाळी बाप घरी आला की तो दाराआडून आधी त्याचे पाय बघायचा, मग हात, मग बोलणं ऐकायचा, आणि खात्री पटली तरच जवळ जायचा. खिडकीतून थोरल्या थोरल्या मनोऱ्यांमधून निघणारी पांढरी वाफ दिसायची. त्याला वाटायचं, माणसं आत जातात, तिथं बदलतात आणि जी बाहेर येतात ती दुसरीच असतात. आपल्याला कुणी सांगत नाही, एवढंच.

ही भीती त्यानं पुढं विकायला काढली.

रतिलालशेठच्या दुकानात लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायला एक मुलगी बसायची, प्राची. गुलाबाच्या फुलात नवरीचं तोंड बसवण्यात तिचा हात धरणारं धुळ्यात कुणी नव्हतं. त्याच यंत्रावर दोघांनी मिळून चाळीस मिनिटांचा पहिला पिच्चर केला आणि केबलवाल्याच्या हातापाया पडून तो लावला. त्यात एक एस.टी. शिरपूरहून निघते आणि धुळ्याला पोचते ती रिकामी, सगळी तिकिटं फाटलेली. पिच्चर पाहून तीन बायकांनी शिरपूरची गाडी सोडून दिली असं केबलवाला सांगायचा. प्रशील आणि प्राचीनं त्याच वर्षी लग्न केलं.

मग मुंबई. एका वाहिनीवर अंतराळाची मालिका निघाली होती, तिथं तो सहाय्यक दिग्दर्शक झाला. थर्माकोलच्या यानात चौदा-चौदा तास उभा राहिला. अकरा भाग झाले आणि मालिका बंद पडली. मोठ्या साहेबानं जाताना खांद्यावर हात ठेवला. "तू खानदेशातला ना? मातीतलं काहीतरी कर. हे ग्रहबिह तुमचं नाही." हे वाक्य प्रशीलनं नऊ वर्षं चघळलं. या काळात त्यानं खतांच्या जाहिराती केल्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस शूट केले, कॉलेजच्या गॅदरिंगला कॅमेरा लावला. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी धुळ्याला देवपुरातल्या घरी बसून त्यानं 'बदली' लिहायला घेतली.

गोष्ट साधी होती. केळीच्या बागांत काहीतरी उतरलंय. काय, ते कधीच दिसत नाही. "न दिसणारं स्वस्त पडतं," प्रशील म्हणायचा, "आणि घाबरवतं जास्त." बागेत गेलेला माणूस परत येतो, जेवतो, मोटर चालू करतो, पण तो तो नसतो. मूळ माणूस कुठंतरी ठेवलेला असतो आणि इथं त्याची बदली आलेली असते. मोबाइलवर बघण्याजोगे वीस-वीस मिनिटांचे भाग. नट नाहीत. गावातली माणसं, आपापल्या नावानं, आपापल्या घरात.

अशा बागा शोधताना असोदा गावात बन्सीलाल नारखेडे भेटला.

बेचाळीस वर्षांचा, लग्न न झालेला. दहा ठिकाणी बघून झालं. पोरींना नोकरीवाला हवा होता आणि बन्सीलालकडे केळी होती. धाकटा भाऊ भूपेंद्र, त्याची बायको डिंपल, त्यांची दोन पोरं आणि म्हातारी आई बेबाबाई, असं घर. भूपेंद्राचा संसार त्याच्या खोलीत, आणि बन्सीलालचा सगळा जीव आईभोवती. तिचं औषध, तिचा चहा, तिचे पाय चेपणं. अभिनयाचा मात्र किडा होता. गावात कुठलंही नाटक असो, हा बाईचं काम करायला तयार.

"भो, माहा बाग घ्या, माहं घर घ्या," तो प्रशीलला म्हणाला, "फक्त मले लवकर मारू नका. दोन-चार भाग तरी जगू द्या."

बाग खरंच घेण्याजोगी होती. भर दुपारी बारा वाजता आत शिरलं की उजेड हिरवट होऊन गुडघ्यापर्यंत खाली यायचा. प्रत्येक घडावर पांढरी पिशवी चढवलेली. ओळीनं हजारभर पिशव्या, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लटकलेल्या, वारा नसताना एखादीच हलायची. कॅमेरावाला अभिमन धुळ्याकडचा, पक्का अहिराणी गडी. तो पहिल्याच दिवशी बागेतून उलट्या पावली बाहेर आला. "भाऊ, मी एकला मजार जावाव नही. तथा कोनीतरी उभं शे असं वाटस."

"तेच तर पाहिजे," प्रशील म्हणाला.

श्रावण लागला होता. नागपंचमी झाली आणि घरात कानबाईच्या रोटाची, खानदेशातल्या त्या श्रावणातल्या देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, तयारी सुरू झाली. नारखेड्यांच्या घरात रोटाचे गहू मोजायची रीत अशी: घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं परातीपुढं बसायचं, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. मोजलं तेवढंच दळायचं. मागून भर घालायची नाही, कमी करायचं नाही. ज्याच्या नावाची मूठ त्यानंच रोट खायचा. पाहुण्याला द्यायचा नाही.

प्रशीलनं हे ऐकलं आणि त्याच्या डोक्यात दृश्य उभं राहिलं. आई गहू मोजते, सगळ्यांची नावं घेते आणि एका नावापाशी तिचा हात थांबतो. तिला कळलंय. कुणी सांगितलं नाही, पण आईला कळलंय.

"खऱ्याच गव्हावर करू," तो बन्सीलालला म्हणाला. "पुन्हा मांडून केलं की नाटक वाटतं."

बन्सीलाल जरा घुटमळला. "मायले आधी समजावून सांगा मंग. आता तिच्या ध्यानात राहत नही जास्त."

ते प्रशीललाही दिसलं होतं. बेबाबाईंनी त्या सकाळी त्याला तीनदा विचारलं होतं, "तू कोन्हाचा रे बापा?" तिन्ही वेळा तोच गोड चेहरा, तेच नव्यानं ऐकणं. दुसरा कुणी असता तर हे पाहून मागं सरला असता. प्रशील अभिमनला म्हणाला, "इतका कोरा चेहरा आयुष्यात मिळणार नाही."

म्हातारीच्या पदराला छोटा माइक लावला. बन्सीलाल ओट्यावर, कॅमेऱ्यात दिसेल असा बसला. भूपेंद्र पोरांना घेऊन दाराशी उभा. बेबाबाई परातीपुढं बसल्या, कपाळाला हात लावला, पहिली मूठ भरली. तेवढ्यात प्रशील मागून आला, तिच्या कानाशी वाकला आणि तिच्याच बोलीत हळू सांगितलं:

"माय, कोन्हाले सांगू नका. बन्सी काल गेला. केयीत गेला तो आलाच नही. हा ओट्यावर बसला आहे ना, तो त्याच्यासारखा बनवून ठेवेल आहे. याच्या नावाची मूठ टाकू नका."

आणि तो बाजूला झाला.

भूपेंद्राची मूठ पडली. दोन्ही नातवांच्या पडल्या. चौथी मूठ भरून म्हातारीनं ओट्याकडं पाहिलं. बन्सीलाल ठरल्याप्रमाणं जरासं हसला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी खालपर्यंत उतरत गेलं, ओठ उघडले, मिटले, आणि हात परातीवरून मागं येऊन पोत्यावर गेला. बोटं एकेक करून सुटली. गहू पोत्यात परत पडले. सत्तेचाळीस सेकंद.

"बाप रे," अभिमन पुटपुटला. "असा चेहरा मी जिंदगीमा देखेल नही."

"ओके!" प्रशील ओरडला. त्याला आणखी एक घ्यायचं होतं. बन्सीलाल बागेत शिरतोय आणि मागून ढग येतोय. ढग खरोखरच येत होता. "उजेड चालना, भाऊ, उजेड चालना," करत अभिमन जाणारा उजेड गाठायला पळाला, त्याच्यामागं प्रशील आणि त्याच्यामागं बन्सीलाल. घरात परातीपुढं म्हातारी एकटी बसली होती. तिला "झालं" असं कुणी म्हणालं नाही. ते पिच्चरमधलं होतं, असंही कुणी सांगितलं नाही. प्रशीलला वाटलं, बन्सी सांगेल. बन्सीलालला वाटलं, तिला कळूनच तिनं केलं.

गहू मोजून झाले होते, त्यामुळे भर घालता येईना. "जाऊ द्या, या साली मी बिगर रोटाचा," बन्सीलाल हसत म्हणाला. पण रोटाच्या दिवशी भूपेंद्रानं आपल्यातला तुकडा त्याला दिला आणि त्यानं तो खाल्ला. बेबाबाई पाहत होत्या.

'बदली' दिवाळीत आली. पहिले दोन भाग खानदेशापुरते राहिले. तिसऱ्या भागात ते सत्तेचाळीस सेकंद होते. ते कुणीतरी कापून सोडले आणि आठवडाभरात सुरतेपासून नागपूरपर्यंतच्या मोबाइलांवर बेबाबाईंचा हात गव्हावरून मागं येताना दिसू लागला. मुंबईहून फोन आला. ज्या साहेबानं खांद्यावर हात ठेवला होता, त्याच्या वरचा साहेब होता. हिंदीत करू, मोठं करू. एक अट. "ती म्हातारी हवी. तिच्याशिवाय नको."

प्रशीलनं फोन ठेवला. नऊ वर्षांचा घास आता कुठं गिळला गेला होता.

दुसऱ्याच दिवशी बन्सीलालचा फोन आला. तो हसत होता. "भो, तुमच्या पिच्चरनं माय पक्की नटी झाली बरं का. पोरांनी तिले मोबाइलवर तो भाग दाखवला, तर ती दिवसातून वीस डाव पाह्यते. अन मले म्हने, तुम्ही चहा घेता का?"

"मग?"

"अहो, 'तुम्ही' म्हने. मले! जन्मात 'बन्स्या' सोडून दुसरं काही म्हनेल नही तिनं."

प्रशीलही हसला. फोन बंद झाल्यावर मात्र त्याला आपलं हसू जरा लांबलेलं वाटलं.

पुढच्या फोनला बन्सीलाल कमी हसला. आईनं त्याचं ताट ओट्यावर मांडायला सुरुवात केली होती. तो घरात आला की ती डोक्यावरून पदर घ्यायची. पाय चेपायला बसला तर पाय आखडून घ्यायची आणि डिंपलला हाक मारायची. त्यानंतरच्या फोनला तो हसलाच नाही. म्हणाला, "भो, काल माय माह्या जवळ आली. मले वाटलं, वळखलं. हात जोडले तिनं. म्हने, माह्या बन्सीले तठी जेवाले देता ना? त्याले भरीत लागते. तिखट जास्त टाकू नका."

प्रशीलनं त्या मायलेकांना धुळ्याला बोलावून घेतलं, ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं, तपासण्या केल्या. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढं धरला. आजार जुना होता, हळूहळू वाढतच होता. आपलंच माणूस परकं वाटायला लागणं यात होऊ शकतं. "कशानं सुरू झालं?" बन्सीलालनं विचारलं. "ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य प्रशीलनं दोन्ही हातांनी धरलं. घरी येईपर्यंत त्याची चाल हलकी झाली होती. जेवताना प्राचीला सांगितलं, "आजारच आहे. मी उगाच मनाला लावून घेतलं."

प्राची उठली. संकलनाच्या खोलीत गेली, त्यालाही बोलावलं आणि एक ध्वनीचा तुकडा लावला. गव्हाची सळसळ, म्हातारीचा श्वास आणि मग अगदी जवळून त्याचाच आवाज. 'माय, कोन्हाले सांगू नका. बन्सी काल गेला...'

"हे काढून टाकलं होतंस ना?" प्रशील म्हणाला.

"मालिकेतून काढलं. ठेवलं होतं."

"प्राची, तिला आधीपासून होतं. डॉक्टर काय म्हणाले..."

"डॉक्टरांना हे कुठं ऐकवलंस?" ती शांतपणे म्हणाली. "आणि मला एक सांग. सकाळचा चहा घेतला का हे तिच्या ध्यानात राहत नाही. मग तुझं तेवढं सांगणं मनात कसं राहिलं?"

उत्तर प्रशीलला ठाऊक होतं. मोबाइलवरचा तो भाग तिला दिवसातून वीस वेळा त्याची उजळणी करून देत होता. त्यानं हात पुढं करून तो तुकडा बंद केला.

"बन्सीभाऊंना सांग," प्राची म्हणाली. "त्यांना वाटतंय, आईचं मन त्यांच्यावरून उडालं. निदान कुणी उडवलं ते तरी कळू दे."

"सांगतो."

सांगितलं नाही. मुंबईचे कागद यायचे होते. आज सांगतो, सही झाल्यावर सांगतो, उन्हाळा गेल्यावर सांगतो. दरम्यान बन्सीलाल शेतातल्या मोटरीच्या खोलीत राहायला गेला. "मायले भेव वाटते माहं," तो म्हणाला. "रात्री दाराले आडवी काठी लावते. मीच उठलो मंग." हे सांगताना त्याचा आवाज असा होता की प्रशीलला क्षणभर वाटलं, फोनवर दुसराच कोणीतरी आहे. पाच वर्षांचा असताना तो दाराआड उभा राहून बापाचा आवाज असाच कान देऊन ऐकायचा.

मग त्याला उपाय सुचला आणि सुचला तो त्याच्या धंद्यातलाच. जे पिच्चरमधून बिघडलं ते पिच्चरमधूनच दुरुस्त करायचं. पुन्हा श्रावण येत होता. गहू मोजायच्या दिवशी बन्सीलाल बागेतून बाहेर येईल. मागच्या वर्षीचाच सदरा, तोच चिखल, वर्षभर कुठंतरी कोंडून ठेवलेला असावा तशी वाढलेली दाढी. बन्सी सुटून आला. म्हातारी त्याला कवटाळेल, मूठ टाकेल, संपलं. मुंबईवाल्यांना दुसऱ्या पर्वाची सुरुवातही मिळेल.

बन्सीलाल तयार झाला. त्याला आता कशालाही तयार होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. महिनाभर त्यानं दाढी केली नाही.

त्या सकाळी गाडीत प्राचीही बसली. पारोळा मागं पडला. मग ती म्हणाली, "आधी त्यांना सांग, मग कॅमेरा लाव."

"आधी आईनं त्याला ओळखू दे. मग सांगतोच ना."

"म्हणजे पुन्हा कानातच."

असोद्याला आभाळ खाली आलं होतं, पण पाऊस नव्हता. पाहिजे होता तसाच उजेड. घरामागच्या दारातून बाग दिसायची. पांढऱ्या पिशव्यांची ओळ थेट आतपर्यंत गेलेली. बन्सीलाल आत जाऊन उभा राहिला होता. कुठं, ते दिसत नव्हतं. अभिमननं कॅमेरा परातीवर लावला. "बठ्ठं तयार शे, भाऊ."

बेबाबाईंचा चेहरा वर्षभरात लहान झाला होता. परातीपुढं बसल्या, कपाळाला हात लावला. प्राचीनं हेडफोन चढवले आणि ती प्रशीलकडं बघत राहिली. तो मागून गेला, वाकला.

"माय, बन्सी सुटला. ते पाहा, येऊन राह्यला."

बागेतून बन्सीलाल आला. चिखलात पाय ओढत, अंगावर तोच सदरा, डोळे आत गेलेले. यातलं नाटक किती आणि खरं किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. म्हातारी उठली. परात लाथाडून, पदर न सावरता, सत्तर पार केलेल्या बाईला जमणार नाही अशी धावली. "बन्स्या! माह्या बन्स्या रे!" तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दाढी चाचपली, छातीवर डोकं आपटलं. बन्सीलाल लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. डिंपल रडली, भूपेंद्र तोंड फिरवून उभा राहिला. अभिमनच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण त्यानं कॅमेरा हलू दिला नाही.

म्हातारी त्याला हाताला धरून आत घेऊन आली, परातीजवळ बसवलं. पहिली मूठ त्याचीच. सव्वा मूठ, भरून. मग भूपेंद्राची, मग नातवांच्या. प्रशीलनं वर्षभर कोंडलेला श्वास सोडला. तो "ओके" म्हणणार तोच बेबाबाई त्याच्याकडं वळल्या. डोळ्यांत माया होती.

"देवमानूस आहे तू, बापा. मागल्या साली बी तूच येऊन माह्या कानात सांगेल व्हतं, का बन्सी गेला अन हा बनवेल आहे. तू नसता सांगलं तर मले कसं कयलं असतं? मी तर त्यालेच मूठ टाकत व्हती."

बन्सीलालनं मान वर केली. दाढीवर अजून आसवं होती.

"काय सांगितलं व्हतं, भो?"

प्रशीलनं प्राचीकडं पाहिलं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

"भो, मी इचारून राह्यलो. काय सांगितलं तुम्ही माह्या मायले?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा प्रशील कुणाच्या कानात न बोलता सगळ्यांसमोर बोलला. सांगताना तो बेबाबाईंपुढं गुडघ्यावर बसला. "माय, मी खोटं बोललो होतो. बन्सी कुठंच गेला नव्हता. मागच्या वर्षी ओट्यावर बसला होता तो हाच. नंतर तुमचे पाय चेपायला बसायचा, तोही हाच. मला पिच्चरसाठी तुमचा चेहरा पाहिजे होता, म्हणून मी सांगितलं. सगळं खोटं होतं."

बन्सीलालनं आईच्या मांडीवर हात ठेवला. भूपेंद्र एक पाऊल पुढं आला आणि डिंपलनं त्याचा दंड धरला.

बेबाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. गेल्या वर्षात त्यांनी एवढं लक्ष देऊन काहीच ऐकलं नसेल. कपाळावर आठी पडली, सुटली. त्या प्रशीलच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"म्हंजे तू खोटं बोलतो," त्या म्हणाल्या.

"हो, माय."

"मंग आत्ता कानात सांगलं, बन्सी सुटला म्हनून, ते बी खोटंच."

"नाही, माय, हा बन्सीच आहे, हा खरा..."

पण त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. शेजारी बसलेल्या माणसाचा हात त्यांनी आपल्या मांडीवरून उचलला आणि हळूच, लागू नये अशा बेतानं, खाली ठेवला. पदर डोक्यावर ओढला. मग परातीत हात घातला. मुठी एकमेकींत मिसळल्या होत्या, त्यातले दाणे कुणाचे कोणते हे आता कानबाईलाही सांगता आलं नसतं. त्यांनी परात उचलली आणि सगळे गहू पोत्यात ओतले.

मग पुन्हा मोजलं. भूपेंद्राची सव्वा मूठ. थोरल्या नातवाची. धाकट्याची. हात झटकले, परातीवर फडकं टाकलं.

"माय," बन्सीलाल म्हणाला. "मी आहे ना. बन्स्या."

"तुम्ही बसा," बेबाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दारी आलेल्या परक्याशी बोलावं तितकी अदब होती. "डिंपल, पाहुन्याले चहा टाक. लई लांबून आलेले दिसतात."

डिंपल उभीच राहिली. "भाऊ, बंद करू का?" अभिमननं विचारलं. प्रशीलला ते ऐकू आलं नाही. तो गुडघ्यावरच होता आणि बन्सीलालकडं बघत होता. बन्सीलाल आईकडं बघत होता. मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, मांडी मोडली आणि भिंतीपासून जरा अंतर ठेवून, परक्याच्या घरात बसतात तसा, सावरून बसला.

"घेतो, बाई," तो म्हणाला. "साखर थोडी टाका."